लेबल बरोबरच होतं

"मॅडम, लेबल चुकलंय बहुतेक," असं म्हणत टेक्निशियनने फॉर्मलिनची (नमुने टिकवायच्या द्रावाची) बरणी माझ्यापुढे ठेवली. फॉर्मवर लिंग पुरुष, वय 28. बरणीत गर्भाशय आणि दोन्ही बीजांडकोश. नमुन्यांची अदलाबदल ही आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांची सगळ्यात मोठी धास्ती, त्यामुळे त्याचं घाबरणं रास्तच होतं. मी वॉर्डात फोन लावला. चूक कुठेच नव्हती. पेशंट ट्रान्स पुरुष होता, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष; सहा वर्षं टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं घेत होता.

दुसऱ्या दिवशी स्लाइड आल्या. आमच्या रेसिडेंट डॉक्टरने कच्च्या रिपोर्टात लिहिलं होतं, 'पीसीओएस', म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. मी ते खोडायला लावलं. पाळीचा इतिहास, हार्मोन्स आणि सोनोग्राफी मिळून ठरणारं निदान आहे ते. बाहेरून पुरुषी हार्मोन घेणाऱ्याला नुसत्या काचेवरून ते चिकटवायचं नाही. बीजांडकोशाचा बाहेरचा थर जाड, कोलॅजनच्या तंतूंनी भरलेला आणि आतला स्ट्रोमा, म्हणजे आधार देणारी ऊती, वाढलेला, हे टेस्टोस्टेरॉनवर असलेल्यांत बरेचदा दिसतं. पाणीदार फॉलिकल (अंडं वाढतं त्या पिशव्या) मात्र जास्त असतातच असं नाही. 1980च्या दशकातल्या अहवालांत तसं म्हटलं होतं; पुढे तुलना करून पाहिलेल्या काही अभ्यासांत ती वाढ सापडली नाही.

मग मोठी लेन्स लावली आणि मी थांबलेच. जाड थराच्या आत आदिम फॉलिकल, म्हणजे अजून वाढीला न लागलेले, शाबूत होते: मधोमध फिकट गोल अंडं, भोवती चपट्या पेशींची एकच रांग. टेस्टोस्टेरॉन मेंदूकडून येणारे, बीजांडकोशाला हुकूम देणारे एफएसएच आणि एलएच हे हार्मोन दाबतं, म्हणून पाळी थांबते. पण या निजलेल्या फॉलिकलना त्या हुकमाची गरजच नसते. डाव्या बाजूला तर कॉर्पस ल्युटियम, अंडं सुटल्यावर फॉलिकलचं जे बनतं ते, होतं, म्हणजे गेल्या काही आठवड्यांत अंडं सुटलंही होतं. पाळी बंद होऊन पाच वर्षं झालेल्या माणसाच्या शरीरात! पाळी नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, हा समज किती धोक्याचा आहे!

रिपोर्ट घ्यायला पेशंट स्वतः आला. सगळं वाचून त्याने विचारलं, "डॉक्टर, म्हणजे अंडी होती?"

"होती."

"ऑपरेशनआधी ठेवता आली असती?"

"हो, गोठवून ठेवता येतात. त्यासाठी सहसा टेस्टोस्टेरॉन काही काळ थांबवतात."

"मला कुणी विचारलंच नाही."

माझा घसा दाटून आला. इतक्या वर्षांत एकाही डॉक्टरला हा प्रश्न सुचू नये? फॉर्मलिनमध्ये गेलेली पेशी परत येत नाही, हे मला त्याला सांगावं लागलं.

त्याला स्लाइड बघायची होती. मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, फोकस लावून दिला. तो बराच वेळ वाकून बघत होता.

"चार दिसतायत."

"या एका काचेवर," मी म्हटलं.

"बाकीच्या?"

मी ट्रे त्याच्यापुढे सरकवला.