जोंगसनची गोंदरे: डोंगरातल्या काटेभाजीचा भात

सोलमधले दोन दिवस गर्दीत गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जोंगसनला मात्र २ किंवा ७ने संपणाऱ्या तारखेलाच जा. तिथला बाजार पाच दिवसांनी भरतो. दक्षिण कोरियाच्या गांगवॉन प्रांतातलं हे डोंगराळ गाव. बाजारात जिकडेतिकडे एकच वाळला पाला, चहाच्या चोथ्यासारखा काळपट: गोंदरे.

शास्त्रीय नाव सिर्सियम सेटिडेन्स, आपल्या माळावरच्या उंटकटाऱ्याची दूरची बहीण. पण हिच्या पानांचे काटे बारीक, कोवळेपणी तर जिभेला जाणवतही नाहीत. वसंतात खुडायची, उशीर झाला की देठांचे दोर होतात. उकळत्या पाण्यातून काढून वाळवली की वर्षाची बेगमी. दुष्काळात मूठभर धान्यात ढीगभर गोंदरे शिजवून दिवस काढले जायचे. जोंगसनच्या आरिरांग लोकगीतातही तिचं नाव येतं.

घरी आणलेली भाजी बिघडते ती घाईमुळे. चौघांना ५० ग्रॅम पुरते. रात्रभर भिजवा, अर्धा-पाऊण तास उकळा आणि त्याच पाण्यात निवू द्या. लगेच उपसली तर देठ चिवट राहतात. देठ बोटांत दाबून पाहा. सहज चेपला नाही तर परत चुलीवर. मग तीन-चार पाण्यांतून धुवा, पिळा, बोटभर चिरा. चमचाभर पेरिलाचं तेल (उत्तराखंडातल्या भंगजीरेचंच) आणि तेवढाच सोया सॉस चोळा. हे तेल लवकर खवट होतं, छोटी बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. अर्धा तास भिजवलेल्या दोन वाट्या तांदळावर भाजी पसरा. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कारण पाला आपलं पाणी सोडतो. इथेच बहुतेकांच्या भाताचा गिचका होतो.

सोबत सोया सॉस, कांद्याची पात, लसूण, मिरचीपूड आणि तिळाची चटणीवजा आमटी येते. खानावळीत लोक ती पहिल्याच घासाआधी ओततात, ते मला अजिबात पटत नाही. गोंदरेला वास मंद, चव त्याहून मंद. म्हणूनच तर ती रोज खाता यायची. आधी चार घास कोरडे खा, मग चमचाभर आमटी.

दगडी भांड्यात भात आला असेल तर तो लगेच वाडग्यात काढून घ्या, भांड्यात गरम पाणी ओता आणि झाकण लावा. जेवण होईतो तळाची खरपुडी सुटते. ती शेवटी, पाण्यासकट.