काकांचा ॲम्प्लिफायर आणि पंख्याचा कपॅसिटर

"ह्या धूड परत घरात हाडलंस?" काकी पडवीतूनच ओरडली.

धूड म्हणजे काकांचा ॲम्प्लिफायर. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत आणि आजूबाजूच्या चार गावांत लग्न असो, सत्यनारायण असो की देवळातला दशावतार, ही पेटी, दोन कर्णे आणि एक माईक आधी बैलगाडीतून आणि नंतर टेम्पोतून जायचे. काका गेले आणि पेटी मांगराच्या माळ्यावर गेली. बारा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. नावाची पाटी गंजून वाचता येईनाशी झाली. आतल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं, तेही दुमजली. खारा वारा सगळीकडे पोचतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, पायांवर हिरवट पूड आणि सुटे भाग जोडायच्या टॅगस्ट्रिपवर पांढरी बुरशी होती.

मी पंचवीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. हॅम रेडिओची, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांची, परीक्षा मात्र चाळिशीनंतर दिली. माझा ट्रान्समीटर घरीच बांधलेला आहे, शेवटी एक ८०७ व्हॉल्व्ह. अमेरिकेत हा व्हॉल्व्ह १९३६ साली आला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचा भरपूर वापर झाला. माझा मुंबईच्या चोरबाजारातला, डोक्यावर टोपी असलेला, फार देखणा. त्यावर मी सात मेगाहर्ट्‌झला, म्हणजे ४० मीटर बँडवर, फक्त मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांचे संदेश, करायचो. माईकवर बोलायचं तर आजकाल बहुतेक सगळे सिंगल साइडबँड, म्हणजे आवाजाची एकच बाजू पाठवायची पद्धत, वापरतात आणि ते बरोबरच आहे. एएम म्हणजे आवाजाप्रमाणे रेडिओलहरीची ताकद कमी-जास्त करणं, म्हणजेच मॉड्युलेशन. ते पूर्ण केलं तरी दोन तृतीयांश शक्ती कॅरिअरमध्ये, म्हणजे मूळ लहरीत, जाते आणि कॅरिअर स्वतः काहीच सांगत नाही. शिवाय तोच आवाज कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना जातो, म्हणून बँडवर जागाही दुप्पट लागते. हे सगळं मान्य करूनही मला एएमच हवं होतं, कारण त्याला लागणारा दमदार आवाज देणारी काकांची पेटी मांगरात होती.

हिशेब सोपा आहे. ८०७ च्या प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या पॉझिटिव्ह पत्र्याला, ४०० व्होल्ट, करंट १०० मिलिअँपिअर, म्हणजे आत जाणारी शक्ती ४० वॅट. शंभर टक्के मॉड्युलेशनला त्याच्या निम्मा ऑडिओ लागतो, २० वॅट. पेटीत ईएल३४ व्हॉल्व्हची पुश-पुल (आळीपाळीने काम करणारी) जोडी, ३० वॅट सहज. उरतो तो सांधा. ८०७ हा ४,००० ओमचा लोड (४०० भागिले ०.१), आणि पेटीच्या मागे कर्णे जोडायचे स्क्रू आहेत ४, ८, १६ ओमचे आणि १०० व्होल्ट लाइनचा. हा सांधा जुळवणारी मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर नावाची वस्तू आता कुठल्या दुकानात मिळणार? मग रद्दीत हात घातला. घरात २३० ला १५ व्होल्ट देणारा तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पडला होता. तो उलटा लावला. १५ व्होल्टची बाजू १६ ओमच्या स्क्रूंना, आणि २३० ची बाजू ट्रान्समीटरकडे. गुणोत्तर १५.३, त्याचा वर्ग २३५. ४,००० भागिले २३५, म्हणजे १७ ओम. कागदावर हे उत्तर आलं तेव्हा मी एकटाच हसलो.

पण त्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून ८०७ चा डीसी करंट नेला तर लोखंड एका बाजूला कलून बसतं आणि आवाज चिरका होतो. त्यासाठी रेमंड हायसिंग या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी जुनी युक्ती आहे, थोडी बदललेली. डीसी चोकमधून न्यायचा, ऑडिओ कपॅसिटरमधून सोडायचा, दोघांची भेट ८०७ च्या प्लेटपाशी. मोठा चोक कुठून आणू? वाडीत एलईडीच्या नळ्या आल्या तेव्हा लोकांनी जुन्या ट्यूबलाइटचे चोक फेकले, ते मी उचलून ठेवले होते. दगड, खिळा, तार, मी काहीच टाकत नाही, त्यावरून घरात भांडणंही झाली आहेत. ४० वॅटच्या ट्यूबच्या एका चोकमध्ये साधारण दीड हेन्री. तीन एका ओळीत जोडले, फणसाच्या फळीवर बसवले, लोखंडी पत्र्यापासून दूर. ३०० हर्ट्‌झला आठ हजारांवर ओम, पुरे. आणि कपॅसिटर? छताच्या पंख्याचा, ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ८०७ च्या स्क्रीन ग्रिडचा, म्हणजे प्लेटच्या अलीकडच्या जाळीचा, रेझिस्टर मॉड्युलेट झालेल्या बाजूलाच जोडायचा, हे विसरू नका. नुसती प्लेट हलवून भागत नाही.

पेटीचं काम वेगळंच निघालं. आधी सगळे कागदी कपॅसिटर बदलले. ते गळके झाले की ईएल३४ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं आणि प्लेट लाल होते. मग व्हॉल्व्ह काढून, शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून, लाइट हळूहळू दिली. बल्ब आधी उजळला, मग मंदावला. दोन तास धूळ जळल्याचा वास. व्हॉल्व्ह घातले, तारा तांबूस झाल्या, आणि कर्ण्यातून तोच जुना घूं आला. तो घूं ऐकून काकी आतून बाहेर आली. काही बोलली नाही, उंबऱ्यावर बसली.

आता खरी अडचण. ही पेटी बनली होती गावभर ऐकू जायला. दशावतारातला मृदंग, झांज आणि पायपेटी खळ्याच्या पार पलीकडे पोचवायला. रेडिओवर तिला थोडकं बोलायचं होतं. ३,००० हर्ट्‌झच्या वरचा आवाज बँडवर शेजाऱ्यांच्या अंगावर जातो आणि ३०० च्या खालचा नुसता शक्ती खातो. खालचा आवाज कापायला पेटीच्या दोन टप्प्यांमधला ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढला आणि ०.००१ चा बसवला. पुढे ४७० किलोओमचा रेझिस्टर होता, त्यामुळे कापणी, म्हणजे जिच्या खालचा आवाज कमी होतो ती हद्द, ३४० हर्ट्‌झच्या आसपास आली. काढलेला मी काडेपेटीत ठेवला. असल्या काडेपेट्या माझ्याकडे खूप आहेत.

पहिल्याच रात्री मूर्खपणा केला. ट्रान्समीटर बंद, पेटी चालू, आणि माईकवर "हॅलो, एक, दोन, तीन". व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं, हे मी पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. ईएल३४ च्या सॉकेटमध्ये निळी ठिणगी उडाली, टक्‌ असा आवाज झाला आणि बेकलाइटवर कार्बनची काळी वाट उमटली. सॉकेट बदललं. १६ ओमच्या स्क्रूंवर १०० ओमचा जाड रेझिस्टर कायमचा ठेवला आणि रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, लावली. आता कॅरिअर आल्याशिवाय माईकला वाट मिळत नाही. दुसऱ्या रात्री कॅरिअर दिला आणि पेटी किंचाळली. माडाला बांधलेला वीस मीटरचा डायपोल, म्हणजे तारेचा एरियल, घराच्या अगदी अंगावर आहे, त्याची शक्ती माईकच्या वायरमधून परत आत शिरत होती. शील्डची वायर, ग्रिडला १०० पिकोफॅरड, एक रेझिस्टर, एवढ्यावर गप्प झाली.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाते तेव्हा बँड अगदी स्वच्छ होतो. चार्जर, एलईडी, सगळ्यांची खरखर एकदम बंद. पण तेव्हाच माझी पेटीही बंद. बॅटरीवर ऐकत बसतो, उत्तर देता येत नाही.

ऑगस्टमधल्या एका रात्री लाइट टिकली आणि कोल्हापूरहून एका हॅमने उत्तर दिलं. आवाज स्वच्छ आहे म्हणाला, आणि मागे खडखड कसली येते म्हणून विचारलं. पत्र्यावरचा पाऊस, दुसरं काय. मग स्वयंपाकघरात जाऊन काकीचा जुना शॉर्टवेव्हचा रेडिओ सात मेगाहर्ट्‌झवर लावून दिला, तिला ऐक म्हटलं, आणि परत येऊन पाच मिनिटं बोललो.

"तुझोच आवाज मां तो?" ती म्हणाली. "पण काकाचो माईक कसो घुमायचो. ह्यो पत्र्याच्या डब्यातसून बोलल्यासारखो."

मी तिला ३४० हर्ट्‌झ काय सांगणार. दुसऱ्या दिवशी ०.००१ च्या जागी ०.००२२ चा कपॅसिटर लावला. कापणी दीडशेवर आली. पुस्तकाप्रमाणे ही फारच खाली, चोकही तिथे जरा कमी पडतात, पण ट्रान्सफॉर्मरने कुरकुर केली नाही. कोल्हापूरकराला फरक कळलासुद्धा नाही.

काकी भाकरी थापत होती. रेडिओ चुलीच्या वरच्या फळीवर. "आता कसो बरो लागता," म्हणाली, आणि तवा उतरवायला वाकली.