आधी बर्फ, मग गळ

उन्हाळ्यात समुद्रावर मासेमारीला निघताना आधी बर्फ मोजून घ्यावा, गळ-दोरीचं नंतर बघावं. तापलेल्या खडकावर तासभर पडलेला मासा घरी कितीही निगुतीने शिजवला तरी लिबलिबीत आणि उग्रच लागतो.

सामान थोडंच लागतं. काठावरून 30–40 ग्रॅमची धातूची जिग (माशासारखं चमकणारं जड आमिष) फेकायला नऊ फुटी रॉड, 4000 आकाराचं म्हणजे मध्यम रीळ, 20 पौंडी, म्हणजे तेवढा ताण पेलणारी विणलेली दोरी आणि पुढे मीटरभर 30 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (दोरी आणि आमिषाच्या मधला पारदर्शक तुकडा) पुरतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि दोरी नेमकी तिथेच तुटते. ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रिळातून दोरी सुटावी हे ठरवणारा ब्रेक, अंदाजाने लावू नका. दोरी ताणकाट्याला बांधून ओढून बघा. 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलो, तेव्हा त्याच्या पाव भागाहून थोडा जास्त, अडीच किलोच्या आसपास ताण आला की ती सुटायला लागली पाहिजे. ड्रॅग फार सैल असला की झुंज विनाकारण लांबते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे फार दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा सावरत नाही. सोडायचाच असेल तर हात ओले करून, शक्यतो पाण्यातच गळ काढा.

वेळ पहाटेची किंवा सांजेची, आणि पाणी वाहतं असताना. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकलं की विश्रांती घ्यावी.

ठेवायचा मासा मात्र तडफडू देऊ नये. एक तर ते क्रूर आहे, आणि तडफडीत स्नायूंतली ऊर्जा संपून मासा लवकर ताठरतो. डोक्यावर डोळ्यांच्या किंचित मागे जड दांडक्याचा एकच नेमका फटका द्या. लगेच कल्ल्यांमागची रक्तवाहिनी कापून मासा पाच-दहा मिनिटं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवा. रक्त राहिलं तर मांस काळपट पडतं आणि वासही तिथूनच सुरू होतो. मग लगेच आतडी आणि कल्ले काढून टाका.

आता बर्फ. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवलेला मासा जिथे खडा टेकतो तिथेच नीट गार होतो, मधल्या फटींत हवाच असते. म्हणून दहा किलो बारीक फोडलेल्या बर्फात पाच लिटर समुद्राचं पाणी घाला. मिठामुळे हा लगदा शून्याच्याही थोडा खाली जातो आणि माशाला चहूबाजूंनी भिडतो. किलोभराचा मासा तासाभरात गाभ्यापर्यंत गार होतो. नंतर तो पिशवीत घालून पाणी निथळलेल्या साध्या बर्फाच्या खड्यांत पुरा. गोड्या वितळपाण्यात भिजला तर मांस पांढुरकं आणि बेचव होतं.

बांगडा, सुरमई, ट्युना या जातींसाठी ही घाई चवीपुरती नाही. यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. उबेत जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. चेहरा लाल होणं, डोकेदुखी, अंगावर गांधी येणं हे त्याचे परिणाम. शिजवून किंवा गोठवून हिस्टामीन नाहीसं होत नाही. उन्हात राहिलेला बांगडा दिसायला चांगला असला तरी टाकून द्या.

मासा ताठरलेला असताना कापू नका, मांसाला भेगा पडतात. बर्फात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कातडीसकट काप काढले तर सुरी सरळ चालते.

अडीच सेंटिमीटर जाडीचा काप लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दहा मिनिटं ठेवा. यामुळे शिजताना वर येणारा पांढरा चोथा बराच कमी होतो. मग कापडाने अगदी कोरडा टिपा. ओली कातडी तव्याला चिकटते, तळली जात नाही. जाड बुडाच्या तव्यात तेल चांगलं तापवून कातडीची बाजू खाली ठेवा आणि पहिली अर्धी मिनिट उलथन्याने दाबून धरा, नाहीतर काप वळतो. मग आच मध्यम करा. सुटत नसेल तर खरवडू नका. कातडी कुरकुरीत झाली की आपणच सुटते. पाच-सहा मिनिटांत कडेने दोन तृतीयांश उंचीपर्यंत मांस दुधाळ दिसेल. तेव्हा उलटून मिनिट-दीड मिनिट ठेवा. मधोमध 63 अंश सेल्सिअस हे सुरक्षित तापमान. 60 ला उतरवून दोन मिनिटं थांबलात तर उरलेली उष्णता त्याला तिथवर नेते, पण थर्मामीटरने खात्री करून घ्या. लिंबू वाढताना कापाच्या शेजारी ठेवा, कातडीवर पिळलंत तर ती मऊ पडते.