तात्यांची विहीर आणि आमचा खंदक

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचा पूर ओसरला, पण भिलवडीच्या आमच्या रानातली विहीर गढूळ पाण्यानं काठोकाठ भरून राहिली. मोटर आत बुडालेली. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, दोन इंजनं लावून एका दिवसात ती उपसली. रात्री पूर्वेची कड ढासळून मोटरीवरच बसली.

हे आठवलं गेल्या महिन्यात, तात्यांनी "मुंबईत जमिनीखाली करतीस तरी काय?" असं विचारलं तेव्हा.

मी भुयारी स्टेशनच्या कामावर क्वालिटीला आहे. आमच्यात भिंत आधी, आतली खोदाई नंतर. त्या भिंतीसाठी 80 सेंटीमीटर रुंद, 25 मीटर खोल खंदक ग्रॅबनं, म्हणजे क्रेनला लटकवलेल्या जबड्यानं, खणायचा. ना फळ्या, ना टेकू. आत भरलेलं असतं नुसतं बेंटोनाइट.

"मातीचं पाणीच की!"

दिसतं खरं आंबिलीसारखं. 100 लिटर पाण्यात चार-पाच किलो चिकणमाती, रात्रभर फुगवलेली. साधं पाणी कडेच्या मातीत मुरून जातं. बेंटोनाइट मुरता मुरता कडेवर काही मिलिमीटरची साय धरतं, आणि आतला सगळा रेटा त्या सायीवर बसतो. त्यासाठी त्याची पातळी भूजलाच्या निदान मीटरभर वर हवी. शिवाय ते पुरेसं दाट आहे ना हे बघायला दर थोड्या वेळानं नरसाळ्यात 1500 मिली ओतून त्यातलं 946 मिली गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साध्या पाण्याला 26 लागतात. आमचं 35 च्या खाली आलं की मी ग्रॅब थांबवते आणि शिव्या खाते.

एका रात्री पातळी भसाभस उतरली. नकाशात नसलेलं जुनं गटार ग्रॅबनं फोडलं होतं. टाक्यांतला साठा ओतला, तरी पुरेना; शेवटी माती लोटून खंदक बुजवला. चार दिवस वाया गेले, शेजारची चाळ मात्र जागची हलली नाही.

मला अजून नवल वाटतं ते काँक्रीटचं. पाइपानं थेट तळाशी सोडतात. ते जड, त्यामुळे खालून चढत जातं आणि बेंटोनाइटला वर ढकलतं. वर आलेलं वाळू काढून पुन्हा वापरायचं.

तात्या बराच वेळ गप्प होते. "म्हंजी आमची कड पाण्यानंच धरली हुती?"

"व्हय. बाहेरची माती पुरानं भिजून जड झालेली, आणि आतला टेकू तुम्ही एका दिवसात काढला."

"मग फुडच्या पुराला तुझा एक टँकर धाड."

"धाडीन. पण साय झऱ्यांवर पण धरंल."

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "मग हौदच की त्यो."