टाऊन हॉल, आत्या आणि समुद्राचा देव

शनिवार, दुपारनंतर

आत्याला आज कोल्हापूरचा टाऊन हॉल, म्हणजे तिथलं वस्तुसंग्रहालय, आतून दाखवला. तिचं माहेरही कोल्हापूरचं आणि सासरही, पण त्या दारातून ती कधी आत गेली नव्हती. आतोबा जवळच्याच सीपीआर या सरकारी दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हा रोज दुपारी ती टाऊन हॉलच्या बागेत बसून डबा खायची. आजही बाकांवर तशीच माणसं होती. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट होतं, कुणी वर्तमानपत्र अंथरून भाकरी सोडत होतं. जिल्हाभरातून सीपीआरला येणाऱ्या माणसांना या बागेचा केवढा आधार आहे, हे त्यांच्याजवळ घटकाभर बसल्यावर कळतं.

"आत काय आसतंय, कधी इचारलंच न्हाई बघ. वाटायचं, सायबांचं हापीस आसंल," आत्या म्हणाली.

तिला तसं वाटलं यात नवल नाही. काळा दगड, टोकदार कमानी, उतरतं छप्पर आणि निमुळत्या टोकांचे मनोरे. साध्या माणसानं बिचकावं असाच या इमारतीचा दिमाख आहे. १८७२ ते १८७६ या काळात ती उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच. राजवाडे बांधणाऱ्या माणसानं गावच्या सभेसाठीही तेवढ्याच तोलामोलाची वास्तू आखली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सभेला येणारी माणसं कोण असतील, कुणाला आत घेतलं जाईल, हा त्या काळचा प्रश्न वेगळा. आज मात्र तिकीट काढलं की कुणालाही आत जाता येतं.

सभागृहाचं वस्तुसंग्रहालय झालं ते ब्रह्मपुरीमुळं. पंचगंगेच्या काठची ही टेकडी इथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्याच्या थोडं आधीही तिथं काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला होता. सातवाहनांच्या काळातलं नांदतं गाव मातीखालून वर आलं. हे सगळं ठेवायचं कुठं, तर १९४६ साली कोल्हापुरात संग्रहालय सुरू झालं आणि पुढं ते टाऊन हॉलात आलं. गावाच्या सभेसाठी बांधलेल्या जागेत गावाचेच दोन हजार वर्षांपूर्वीचे रहिवासी येऊन बसले. यापेक्षा योग्य जागा मला तरी सुचत नाही.

आत्या मूर्त्यांपाशी रेंगाळत होती. प्रत्येक देवाला हात जोडायचे आणि मगच पुढं जायचं, असं तिचं चाललेलं. मला ओढ होती ती पोसायडनची. काशाची वीतभरही नसलेली उभी मूर्ती, दाढी, एक हात वर उचललेला. त्या हातात कधीकाळी त्रिशूळ असणार. ग्रीकांचा हा समुद्रदेव रोमन लोकांच्या व्यापारातून इकडं आला. २०२३ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये प्राचीन बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा ब्रह्मपुरीच्या या वस्तू तिथं पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. तिथं लोकांनी त्या वेळ काढून बघितल्या असणार. आणि इथं आपण रिक्षातून त्यांच्या दारावरून रोज जातो.

"ह्यो कुठला देव?" आत्यानं विचारलं.

"समुद्राचा. ग्रीक लोकांचा."

"मग हितं कसा? हितं कुठं समिंदर?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी तिला सांगितलं, की परदेशी गलबतं कोकणच्या बंदरांना लागायची, माल बैलांच्या पाठीवर लादून घाट चढायचा, आणि घाट चढून आलं की पहिली मोठी वस्ती लागायची ती आपल्यासारख्या गावांची. आरसे, भांडी, मूर्त्या असं बरंच काही त्या वाटेनं आलं. आत्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे आपल्याकडं पैलेपासनंच बाजार मोठा." व्यापाराचा अख्खा इतिहास तिनं एका वाक्यात उरकला. मग तिनं पोसायडनलाही हात जोडले.

तिथं उभं असताना मला राजाराम महाराज आठवले. १८७० साली युरोपचा दौरा आटोपून परतताना हा कोल्हापूरचा विशीतला राजा इटलीत, फ्लॉरेन्सला वारला. आर्नो नदीच्या काठी त्याला अग्नी दिला आणि त्याचं स्मारक आजही तिथं आहे. पुढं दोनच वर्षांत इथं टाऊन हॉलचं काम सुरू झालं, तेव्हा गादीवर अल्पवयीन चौथे शिवाजी महाराज होते. रोमन जगातला एक देव पंचगंगेच्या काठी मातीत राहिला आणि पंचगंगेचा एक राजा इटलीच्या नदीकाठी राहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी आज मनातून जात नाही.

चित्रांच्या दालनात आम्ही फार थांबलो नाही, आत्याचे गुडघे दुखायला लागले होते. पण आबालाल रेहमान यांच्यासाठी पुन्हा यायचं. शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार कोटितीर्थाच्या काठी चित्रं काढत बसायचा. १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यानं आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात टाकली, असं जुनी माणसं सांगतात. जी वाचली आहेत, त्यांना म्हणूनच फार जपायला हवं.

आणि जपण्याचं म्हणाल, तर ८ ऑगस्ट २०२४च्या रात्रीपासून मी कुठल्याही जुन्या वास्तूत शिरलो की आधी मान वर करून छप्पर बघतो. केशवराव भोसले नाट्यगृह त्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. ज्यांचं नाव त्याला दिलं त्या गायक-नट केशवरावांची दुसऱ्या दिवशी जयंती होती. घरातलं माणूस गेल्यासारखी माणसं तिथं जमली होती, ढसाढसा रडत होती. ते पुन्हा उभं राहील, पण ज्या रंगमंचावर आपल्या आजोबांनी नाटकं बघितली तो रंगमंच काही परत येणार नाही. म्हणून आज टाऊन हॉलातही माझी नजर वायरिंग, लाकूडकाम आणि आग विझवायची नळकांडी शोधत होती. दारावरच्या माणसाला मी विचारलंही. त्यानं न कंटाळता नळकांडी दाखवली, म्हणाला, "बघा की, आमालाबी त्याच रातीपास्नं झोप न्हाई." त्याच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं. तरी प्रत्येक जुन्या वास्तूची अशी तपासणी दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल दारावर लावावा, असं मला मनापासून वाटतं. शहर आमचं आहे, आम्हाला कळायला हवं.

बाहेर येऊन भडंग घेतला. बागेत आत्या आपल्या जुन्या बाकाकडं न जाता थेट पायऱ्यांवरच बसली. शेजारी गगनबावड्याकडची एक बाई होती, सुनेच्या बाळंतपणासाठी आलेली. आत्यानं तिला लगेच सांगायला सुरुवात केली: "आत जाऊन या, बाळंतपणाला वेळ लागतोय. समिंदराचा देव हाय आत, आपल्या ब्रह्मपुरीत घावल्याला."

उद्या रविवार आहे, सकाळी ऊन चढायच्या आत ब्रह्मपुरीवर जायचं ठरलंय. आत्याला ती जागा बघायची आहे.