तुम्ही विचारलेत म्हणून: टेकडीवर आम्ही काय बोलतो

आम्हा दोघांना उतरत्या दुपारी टेकडीकडे जाताना पाहणारी ओळखीची माणसे कधी ना कधी मला विचारतातच, "इतक्या वर्षांच्या संसारानंतर रोज तुम्ही दोघे बोलता तरी काय?" प्रश्नात कौतुक असते, कुतूहल असते, आणि एखाद्या वेळी विचारणाऱ्याच्या घरात साचलेली शांतताही त्यातून ऐकू येते; म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावे असे मला वाटते.

चढताना आम्ही जवळजवळ काहीच बोलत नाही.

आमची टेकडी पायथ्यापासून सुमारे १२० मीटर उंच आहे आणि माथ्यापर्यंतची पायवाट दीड किलोमीटरची आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातल्या चालीचा एक साधा हिशेब मांडला होता: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. त्या हिशेबाने आम्ही अर्ध्या तासात माथ्यावर पोहोचायला हवे. आम्हाला चाळीस मिनिटे लागतात, आणि ही वरची दहा मिनिटे मी फार उशिरा शिकलो.

सुरुवातीची दोन वर्षे मी पुढे चालत असे. माझी ढांग मोठी, दमही अधिक. मी वळणावर थांबून तिची वाट पाहायचो आणि ती धापा टाकत पोहोचली की लगेच "चल" म्हणून निघायचो. तिच्यासाठी थांबतो आहोत, याचे मला समाधान वाटत असे. प्रत्यक्षात त्या प्रत्येक थांब्यावर विसावा मला मिळत होता, ज्याला त्याची गरज नव्हती. आणि जिला खरी गरज होती ती पोहोचताक्षणी पुन्हा चढाला लागत होती. एके दिवशी ती वळणावर नुसतीच बसली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथेच आहे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते लागले.

दुसऱ्या दिवसापासून ती पुढे आणि मी मागे, असे आम्ही चढू लागलो. ज्याची चाल संथ त्याने पुढे असावे, हा डोंगरात हिंडणाऱ्यांचा जुना शिरस्ता आहे. पुढच्याला आपल्या श्वासाप्रमाणे पाऊल टाकता येते आणि मागच्याला ते पाऊल पाहून आपली घाई आवरता येते. मी तिचा श्वास ऐकत चढतो. तो जड झाला की ती थांबायच्या आधीच मला कळते, आणि आज दिवस तिला कसा गेला हेही त्यातून बरेचसे समजते. चाळीस मिनिटे एका माणसाकडे असे लक्ष देण्याची संधी घरात मला कधीच मिळाली नव्हती.

माथ्यावर आम्ही थोडा वेळ बसतो. हात लांबवून मूठ क्षितिजाशी धरली तर तिची उंची सुमारे दहा अंश भरते, आणि सूर्य आकाशात तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे एक मूठ शिल्लक असेल तर मावळायला निदान चाळीस मिनिटे आहेत. अर्धी मूठ उरली की आम्ही उठतो. अनेकजण सूर्यास्त पाहूनच उतरतात, परंतु तो मोह मला पायांच्या दृष्टीने महागडा वाटतो. कलत्या उन्हात प्रत्येक खड्याची सावली लांब पडते आणि वाट वाचता येते. सूर्य बुडाला की सावल्या जातात, जमीन सपाट भासू लागते, आणि पाय नेमका तेव्हाच घसरतो.

बोलणे होते ते उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुधा उतरण्याने. मात्र श्वास मोकळा असतो. वाट रुंद असेल तिथे आम्ही शेजारी शेजारी चालतो आणि दोघांचीही नजर पायांखाली असते. समोरासमोर बसून जे विचारले की उत्तराआधी चेहरा वाचला जातो, ते इथे सहज विचारता येते. नोकरी सोडून पुन्हा शिकावे, ही तिची इच्छा मी याच उतारावर प्रथम ऐकली. घरी असतो तर मी लगेच खर्चाचे विचारले असते. तिथे मला एका सैल दगडावरून पाऊल जपून टाकायचे होते, तेवढ्या वेळात माझा पहिला प्रश्न मागे पडला आणि दुसरा तोंडून निघाला: "काय शिकायचे आहे?" ती पायथ्यापर्यंत बोलत राहिली.

एरवी आमचे विषय किरकोळच असतात: गळका नळ, मुलीचा फोन, कोणाचे तरी आजारपण. खाली येताना एके ठिकाणी वाट झुडपांमधून जाते आणि पुन्हा एकेकट्याने चालावे लागते. तिथे ती पुढे होते, तिचे वाक्य अर्धे राहते, आणि वाट रुंद होईपर्यंत मी ते मनात धरून चालतो.