बॉनेटवरचे नाव

वागळे इस्टेटमधील ज्या गॅरेजमध्ये माझी जुनी जीप महिन्यातून एकदा तरी मुक्कामाला असते, तेथे रविवारी सकाळी आम्हा चार-पाच मालकांची बैठक जमते आणि चहा येण्याआधीच कोणाच्या तरी गाडीचे कुळ काढले जाते. ती ‘लो बॉनेट’ की ‘हाय बॉनेट’, हा पहिला प्रश्न. विलीजने १९५३ मध्ये आणलेल्या सीजे ३बीचे बॉनेट उंच झाले ते आतले हरिकेन इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते म्हणून. महिंद्राने पुढे हेच मॉडेल आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवले. माझी गाडी त्याच घराण्यातली. तिच्या मागच्या फळीवर मात्र ‘विलीज’ अशी अक्षरे आहेत, कारण ती फळी कोणत्या तरी दुसऱ्या गाडीची आहे, आणि हे मी विचारल्याखेरीज सांगत नाही. (मूळ कंपनीत या नावाचा उच्चार ‘विलिस’ असा होत असे, हे बैठकीत सांगण्याचा प्रयत्न मी एकदाच केला.) आमच्यातले एक काका तर प्रत्येक नव्या गाडीखाली बॅटरी घेऊन शिरतात, कारण युद्धकाळात फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यावरही ‘एफ’ हे अक्षर असे.

नावांची हीच काटेकोर वृत्ती खालच्या यंत्रणेपाशी पोचली, की घोटाळा होतो. ‘फोर बाय फोर’ म्हटले, की चारही चाके जोर लावतात असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पुढचा आणि मागचा डिफरन्शियल (एका एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गियरपेटी) साधा असेल, तर पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत लोंबकळताच तीच दोन्ही भिरभिरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. शिवाय जुन्या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलांत वाटणाऱ्या ‘मॉडेल अठरा’ नावाच्या पेटीत, दोन्ही एक्सलांमधला वेगातील फरक सोसणारी सोयच नसते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. चिखलात ती तेवढी घसरून घेतात, पण कोरड्या डांबरावर घसरता येत नसल्यामुळे सगळा ताण शाफ्टांवर येतो आणि स्टिअरिंग जड होते. घोडबंदर रोडवर फोर व्हील टाकून मिरवणाऱ्या नव्या मालकाला हे शब्दांत पटवणे अवघड जाते. मलाही ते शाफ्टच्या सांध्यातला पहिला क्रॉस तुटल्यावर पटले.

आमचे मिस्त्री या शब्दांच्या फंदात पडत नाहीत. गियरच्या दांडीशेजारच्या, ट्रान्स्फर केसच्या दोन लहान दांड्यांपैकी एक त्यांच्या लेखी ‘पुढचा’ आणि दुसरी ‘स्पेशल’, एवढ्यावर त्यांचे आयुष्य गेले आहे. परवा त्यांना मी जरा ठसक्यातच म्हणालो, “मिस्त्री, मॉडेल अठराच्या ट्रान्स्फर केसमधून तेल झिरपतंय.”

ते वाकले, बोटाला लागलेले तेल हुंगले आणि म्हणाले, “स्पेशलचं सील गेलंय, साहेब. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी बिलावर गाडीच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: ‘जीप, हिरवी’.